ऊब समोरच्या घरात

माझे जे काही दात उरलेत त्यांची शपथ, आज सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एरवी तुम्ही हसता, म्हणता आजी मीठमसाला लावते. आज मीठ नाही, मसाला नाही, नुसतं उकडलेलं सत्य. मध्येच कुणी "असं कसं होईल?" म्हणालं तर मी गोष्ट तिथेच थांबवून घोरायला लागेन, आधीच सांगून ठेवते.

तर माझ्या दोन सुना. थोरली आणि धाकटी. एकाच रस्त्यावर, समोरासमोर. रस्ता एवढा अरुंद की थोरली आपल्या दारात शिंकली तर धाकटी खिडकीतून म्हणायची, "जपा, जाऊबाई!" थोरली शिवणकाम करते. तिच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि उंच आरसा. धाकटी बायकांचे केस कापते. तिच्याही पुढच्या खोलीत आरसा. म्हणजे रस्त्यातल्या कुठल्याही बाईला आपण कशा दिसतो ते बघायचं असलं, तर या दोघींपैकी एकीचं तोंड बघावंच लागायचं.

मी थोरलीकडे राहायचे. तिचा नवरा, म्हणजे माझा मोठा मुलगा, समुद्रातल्या पवनचक्क्यांचा मेकॅनिक. तिकडे गेला की आठवडे न् आठवडे परत येत नाही. नात शिकायला लांब गेलेली. घरात उरलो आम्ही तिघी: थोरली, मी आणि शिलाई मशीन. त्यात बोलणारी मी एकटी. थोरलीच्या तोंडात सदा टाचण्या. तिला राग आला, आनंद झाला, भूक लागली, सगळं "अं" मध्येच. पण बायका यायच्या तिच्याकडेच. माप द्यायला यायच्या आणि चहाची तिसरी फेरी होईस्तोवर बसायच्या. रस्त्यातली एकही बातमी आमच्या कापायच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकायची नाही. थोरलीला ते फार आवडायचं. बोलून दाखवलं नाही कधी, पण मला कळायचं. घर भरलेलं असलं की तिच्या मशीनचा आवाजच वेगळा यायचा.

मग रस्त्याच्या टोकाला ते डेटा सेंटर आलं.

तुम्ही म्हणता ना, फोटो ढगात ठेवलेत? तो ढग आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. पत्र्याचा, खिडक्या नसलेला, एखाद्या शाळेएवढा. आत मशिनं न् मशिनं, दिवसरात्र गुरगुरणारी. आता आमच्या शहराने धुराविरुद्ध कंबर कसलेली. कोळसा नको, गॅस नको. त्यांनी कंपनीला बजावलं, बांधा खुशाल, पण वीज घ्यायची ती वाऱ्याची न् उन्हाची, आणि तुमची मशिनं तापतात ती ऊब आभाळात सोडून द्यायची नाही. शेजाऱ्यांना द्यायची. म्हणजे मशिनं गार करताना जे पाणी गरम होतं, ते पाइपातून घराघरांत फिरवायचं. भिंतीला लोखंडी फासळ्यांची पेटी, तिच्यातून पाणी जातं आणि खोली उबदार होते. आम्ही तिला ऊबपेटी म्हणायचो.

छान ना? पण रस्ता खणायला माणसं आली आणि फक्त धाकटीच्याच बाजूने खणून गेली. आमच्या बाजूला जुनी मोठी झाडं. त्यांच्या मुळांना धक्का लावायचा नाही, हाही शहराचाच नियम. तोसुद्धा हवा चांगली राहावी म्हणूनच केलेला. झालं! त्यांच्या बाजूला ऊब, आमच्या बाजूला सावली. भर हिवाळ्यात सावली!

"काही बिघडत नाही," थोरली म्हणाली, "आपला गॅसचा हीटर आहे की." आणि त्या दिवसापासून ती झाडाकडे असं बघायला लागली की मला वाटलं, झाड स्वतःहूनच दुसरीकडे राहायला जाईल.

धाकटीकडची ऊब कशी होती म्हणून सांगू! टॉवेल पिळायच्या आधीच वाळायचा. आरशाजवळच्या फुलदाणीत प्लास्टिकची फुलं होती, त्यांना कळ्या आल्या. हसू नका, मी बोट लावून बघितलंय. रस्त्यातली सगळी मांजरं तिच्या खिडकीच्या कठड्यावर मुक्कामाला आली. जागा पुरेना, म्हणून ती पाळीपाळीने बसायची. खाटकाचा गलेलठ्ठ बोका पाळी मोडायचा, तेव्हा बाकीची त्याला खाली ढकलायची. थोरलीचं स्वतःचं मांजरसुद्धा गेलं. जाताना मागे वळूनही बघितलं नाही मेल्याने.

मांजरांपाठोपाठ बायका गेल्या. केस कापून झाले तरी उठेनात. ज्यांना केस कापायचेच नव्हते त्याही "जरा टोकं बघ गं" म्हणत जाऊन बसायच्या. थोरलीकडे यायच्या त्या दारातच उभ्या, कोट न काढता. "कोटावरूनच घे माप. गारठा आहे बाई तुझ्याकडे." थोरली कोटावरून माप घ्यायची. त्या वर्षी आमच्या रस्त्यावर शिवलेला प्रत्येक झगा असा झाला की एकीच्या झग्यात दोघी मावाव्यात.

थोरली खिडकीशी बसून शिवायची. नजर समोर. एकदा सुई बोटात गेली तरी कळलं नाही तिला. मग तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, आणि टाचण्या काढल्या म्हणजे गोष्ट गंभीर आहे हे मी ओळखते,

"आई, त्या गोदामाला वीज कुठून येते?"

"वाऱ्याची येते म्हणतात."

"कुठल्या वाऱ्याची?"

"समुद्रातल्या."

"म्हणजे माझा नवरा तिकडे वादळात खांबाला लटकून वारा गोळा करणार आणि ऊब हिच्या खोलीत जाणार. माझा नवराही मला नाही आणि त्याची ऊबही मला नाही."

पण माझे गुडघे त्या वेळी दुसराच विचार करत होते.

हो, गेले मी. पहिल्यांदा नुसती दुपारची. मग म्हटलं, चष्मा तिकडेच राहू दे, रोज कोण नेणार. मग उशी नेली. उशी उचलली तेव्हा थोरली म्हणाली, "जा की. ऊब आहे तिकडे." त्या "जा की"मध्ये सगळं होतं, फक्त जायची परवानगी तेवढी नव्हती. पण मी पडले बहिरी. म्हणजे मला पाहिजे तेव्हा पडते.

धाकटीने मला ऊबपेटीच्या शेजारी बसवलं. पायाखाली गादी, पाठीला लोड. दार उघडून रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आई, बरं वाटतंय ना आता? गुडघे मोकळे झाले ना?" समोरच्या खिडकीत शिलाई मशीन असं धडधडायचं की वाटायचं, कापडाचा जीव घेतेय.

आता इथे येतो ऊबवाला. कंपनीचा माणूस, पाइप गळतोय का, पाणी किती गरम आहे ते बघायला धाकटीच्या बाजूने घरोघर फिरायचा. गप्पिष्ट. त्याच्या कोटाचा खिसा फाटला म्हणून तो थोरलीकडे गेला. मी माझी लोकर न्यायला तिकडे आले होते, म्हणून हे कानांनी ऐकलंय.

थोरलीने खिसा शिवता शिवता विचारलं, "ही ऊब येते तरी कशाने हो?"

"कामाने, ताई. मशीन काम करतं, काम केलं की तापतं."

"आणि त्याला काम कोण सांगतं?"

"आपणच की! तुम्ही फोटो पाठवता, व्हिडिओ बघता, त्याला बसल्या बसल्या काहीबाही विचारता. सगळं ते मशीन करतं."

"आणि कुणी काही पाठवलंच नाही तर?"

ऊबवाला हसला. "मग काय, पाइप गार! आम्हीही घरी."

गडी चेष्टेत बोलला हो. पण थोरलीचा पाय मशीनवरून उचलला गेला. मशीन असं थांबलं की समोरच्या मांजरांचं घोरणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी थोरलीच्या दारावर पाटी: "कपडे शिवून मिळतील. आधी फोन रिकामा करा."

आणि मग जी सुरू झाली! बाई माप द्यायला उभी राहिली की थोरली टेप गळ्याभोवती टाकायची आणि तशीच धरून ठेवायची. "काढा फोन. हे काय? एकाच मांजराचे सतरा फोटो? मध्ये मांजर बदललं का?"

"नाही हो, त्यात त्याने मान वळवलीय..."

"पुसा."

"हा सूपाचा फोटो कशाला? प्यायलात ना सूप?"

"प्यायले."

"मग पुसा. हा व्हिडिओ बघून झाला? पुसा. त्या मशीनला काय विचारलंत? पाऊस पडेल का? खिडकी नाही तुमच्या घरात?"

टेप गळ्याभोवती असल्यावर कोण नाही म्हणणार? शिक्षिका आल्या, त्यांनी पुसलं. बेकरीवाली आली, तिने पुसलं. थोरली एवढं बोलते हे कुणाला ठाऊकच नव्हतं. टाचण्या तोंडातून गेल्या त्या गेल्याच. आणि बोलायची कसं! "वाऱ्याची वीज म्हणजे वाया घालवायची वीज नव्हे. एकेका पात्यामागे कुणाचा तरी नवरा वादळात लटकतोय. पृथ्वी तापतेय आणि तुम्ही सूपाचे फोटो साठवताय!" ऐकणारीच्या डोळ्यात पाणी यायचं. शब्द न् शब्द बरोबर होता तिचा, मी नाही म्हणत नाही. फक्त तो पृथ्वीच्या काळजीपोटी निघतोय की समोरच्या ऊबपेटीपोटी, ते त्या रस्त्यात मला एकटीला ठाऊक होतं.

एकटीला म्हणजे, धाकटीला कळेस्तोवर. बेकरीवालीने केस कापून घेता घेता सांगितलं. धाकटीची कात्री थांबली.

"असं काय? माझी ऊब विझवायला निघाल्यात जाऊबाई?"

"पृथ्वीसाठी करतेय म्हणे," बेकरीवाली म्हणाली.

"पृथ्वीसाठी? गेल्या वर्षी मी खिडकीला पिवळा रंग दिला, तर आठवड्यात त्यांनी पिवळा दिला. तोही पृथ्वीसाठीच दिला असेल!"

आणि धाकटीने मोर्चा उलटा वळवला. खुर्चीत बसलेल्या प्रत्येक बाईचा फोटो. पुढून, मागून, टाळूवरून. मग मशीनला सांगायचं, हिच्या केसांना निळा रंग देऊन दाखव. आता जांभळा. आता मोरासारखा. आता हिच्या केसांवर कविता कर. लांब कर. अजून लांब. "दमू दे मेलं," धाकटी म्हणायची, "दमलं की तापतं." मलाही फोन दिला हातात. म्हणाली, "आई, तुम्ही विचारा काहीतरी अवघड." मी विचारलं, सुनेने सासूशी कसं वागावं. त्याने इतकं लांबलचक उत्तर दिलं की भिंत चटका द्यायला लागली आणि सगळी मांजरं एकदम उठून उभी राहिली.

असा तो हिवाळा. एका बाजूला पुसताहेत, दुसऱ्या बाजूला भरताहेत. मधल्या रस्त्यावर पोस्टमन बिचारा, एका दारात फोन लपवायचा, दुसऱ्या दारात फोटो काढून घ्यायचा.

मग एक वार्ताहर पँटची लांबी कमी करायला थोरलीकडे आला. पँट कमी झाली, बातमी लांबली. "टेपवाली बाई" म्हणून तिचा फोटो पेपरात. झालं, अख्ख्या शहराला पुसायचा चेव चढला. लोक चौकात उभे राहून पुसायला लागले. आणि मग लोकांनी कंपनीला विचारलं, आम्ही आमच्या मांजरांचे फोटो पुसतोय, तुम्ही काय पुसताय?

कंपनीत एक बाई होत्या, वीज वाया जाते की नाही हे बघण्याचंच त्यांचं काम. त्यांना सगळे हिरवी मॅडम म्हणायचे. त्या हुशार आणि सरळ बाई. त्या आत शिरल्या आणि एकेक मशीन तपासलं. बघतात तो काय, वरचा अख्खा मजला कुणासाठीच चालत नव्हता. बंद पडलेल्या दुकानांचे हिशोब चालू. कुणीही खेळत नाही असा खेळ चालू. कधीकाळी कुणीतरी "करून तर बघू" म्हणून चालू केलेली आणि विसरून गेलेली कामं, रात्रंदिवस चालू. घर सोडून माणसं गेलेली आणि सगळे नळ उघडे, तसं. मॅडमनी तो मजला बंद केला.

आणि धाकटीची ऊबपेटी कोमट झाली. मग जवळजवळ गार.

थोरली विजयी! मॅडम स्वतः तिला भेटायला आल्या. म्हणाल्या, "खरं सांगू? फोटो पुसून फारसा फरक पडत नाही. ठेवलेले फोटो निजलेले असतात, ते फारशी वीज खात नाहीत. पण तुमच्यामुळे आम्हाला आमच्याच घरात डोकावून बघावं लागलं." थोरलीला पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. बहिरेपणा आमच्या घरात सासूकडून सुनेकडे येतो.

शहराने तिचा सत्कार केला. मोठं सभागृह, कुंडीतलं रोपटं, टाळ्या. महापौरांनी विचारलं, "एवढं मोठं काम! तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली?"

थोरलीने तिसऱ्या रांगेत बसलेल्या धाकटीकडे रोखून पाहिलं. म्हणाली, "समोरच्या घरातून."

काय टाळ्या पडल्या! सगळे धाकटीकडे वळले. कुणीतरी तिला उठवलं, नमस्कार करायला लावला. ती नमस्कार करत होती आणि ओठ न हलवता मला म्हणत होती, "आई, ह्यांच्या घरात मी उंदीर सोडणार आहे."

पण घरी आल्यावर कसला विजय? समोर प्लास्टिकच्या कळ्या गळून पडल्या. ओल्या केसांच्या बायका शिंकायला लागल्या. मांजरं आपापल्या घरी गेली. बायकाही आपापल्या घरी. थोरलीकडे कुणीच आलं नाही! आल्या असत्या, पण तिच्याकडे आता बसायची हिंमत कुणाला? बसलं की फोन काढावा लागतो.

आणि मीही गेले नाही. तुम्ही म्हणाल, का? ऊब संपली, आता कशाला तिथे? अहो, उशी उचलायला गेले तर धाकटी उशीवर बसली. "आई, आता गेलात तर लोक म्हणतील, ऊब होती तोवर राहिल्या." तेही खरं. मग गरम पाण्याच्या पिशव्या, शाली, तिची स्वतःची लोकरी टोपी, सगळं माझ्यावर. मी त्या गाठोड्यातून खिडकीबाहेर बघायची. समोर थोरली मशीनवर बसलेली, खोलीत कुणी नाही, तोंडात पुन्हा टाचण्या. वाटायचं, एकदा दारात येऊन म्हणेल. नुसतं "चला" म्हणाली तरी पुरे. पण तिने कंपनी हलवली, महापौर हलवला, हा एवढासा रस्ता काही ओलांडला नाही. आणि मी तरी का न बोलावता जाऊ? मला काय मान नाही?

इकडे धाकटीच्या बाजूचे लोक चिडले. जुने हीटर काढून दिलेले, ऊब गेलेली. काहीजण म्हणायला लागले, आणा परत गॅस. ते ऐकून हिरवी मॅडम धावत आल्या, सगळ्यांना धाकटीच्या खोलीत जमवलं. म्हणाल्या, "खालचे मजले चालूच आहेत. ऊब अजून आहे, थोडी आहे. पण तुमच्या खिडक्यांतून ती बाहेर पळते. जाड, दुहेरी पडदे लावलेत, फटी बुजवल्यात, तर याच उबेत भागेल. गॅसही नको आणि बंद केलेली मशिनंही परत नकोत."

"पडदे कोण शिवणार?" बेकरीवालीने विचारलं.

 सगळ्यांच्या माना हळूहळू रस्त्यापलीकडच्या खिडकीकडे वळल्या.

बेकरीवालीच जाऊन विचारून आली. थोरली "अं" म्हणाली, म्हणजे हो. तिने शिवायला घेतलं. बेकरीवालीचे, शिक्षिकेचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आतून जुनं ब्लँकेट, बाहेरून जाड कापड, खाली वजन म्हणून वाळू भरलेली पट्टी. एकेक घर पुन्हा उबायला लागलं. राहिलं एकच घर.

"मला नकोत," धाकटी म्हणाली, "त्यांच्या पडद्याने गुदमरून जाईन मी."

तेव्हा मी शिंकले. मला एक शिंक येते, पाहिजे तेव्हा येते, तिच्याने कपाटावरची भांडी वाजतात. मग दुसरी आली. तिसरीला थोरली टेप घेऊन दारात हजर.

"खिडकी मोजायचीय," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

"मोजा की," धाकटी म्हणाली. तिनेही बघितलं नाही.

थोरली स्टुलावर चढली. उंची घेतली. रुंदी घेतली. आणि मग खाली उतरताना तिची नजर माझ्या खुर्चीवर, शालींवर, गरम पाण्याच्या पिशव्यांवर फिरली. टाचण्यांमधून म्हणाली, "बरीच सरबराई आहे."

झालं. धाकटी भडकली.

"सरबराई? न्या! न्या तुमच्या सासूबाईंना! मी काय कमी केलं? ऊब दिली, गादी दिली, टोपी दिली. आणि यांच्या तोंडात सकाळपासून एकच. थोरलीचा चहा कसा असतो. थोरली उशी कशी झटकून देते. थोरली कशी न बोलता सगळं ओळखते. केस कापायला आलेल्या बायकांनासुद्धा तुमचीच स्तोत्रं ऐकवतात! तुम्हाला काय वाटलं, जाऊबाई, पोटात दुखायचं काय ते तुमच्याच?"

थोरली स्टुलाच्या पायरीवर तशीच. तिने एकेक टाचणी तोंडातून काढली आणि बाहीला टोचली.

"माझं कौतुक?"

"दिवसभर!"

"माझ्याकडे असताना तुझं करायच्या," थोरली म्हणाली. "धाकटी कशी हसते. धाकटी कशी मोकळी बोलते. धाकटीच्या खोलीत कसं प्रसन्न वाटतं. मी गप्प बसून ऐकायची. टाचण्या कशाला ठेवते मी तोंडात असं वाटतं तुला?"

दोघी एकदम माझ्याकडे वळल्या. मी अर्थातच त्या वेळी काहीच ऐकू न आल्यामुळे झाडाकडे बघत होते. झाड छान दिसत होतं.

"आई," धाकटी म्हणाली, "ऐकू येतंय तुम्हाला."

"काय गं? पडदा झाला का शिवून?" मी म्हटलं.

धाकटी आधी हसली. तिला हसू आवरतच नाही, म्हणून तर मला आवडते. मग थोरलीच्या नाकातून काहीतरी आवाज आला. ते तिचं हसणं, फार कमी लोकांनी ऐकलंय.

पडदे लागले. जाड, पिवळे. धाकटीनेच पिवळे मागितले. ऊबपेटी जेमतेम कोमट, पण खोलीतून ऊब हलेना. थोरली स्टूल घेऊन दारापर्यंत गेली, थांबली. पाठ माझ्याकडेच. म्हणाली, "आई, घरी चला. मला एकटीला करमत नाही."

मी उशी घेतली आणि निघाले. तिच्या घरात माझं बस्तान बसलं, तिने माझ्या खिडकीलाही तसाच पडदा शिवला, आणि धाकटी आता समोरून ओरडते, "तिकडे माझं कौतुक चाललंय की नाही?" चाललंय म्हणून सांगते मी. जरा जास्तच चाललंय. थोरली मशीन जोरात चालवते.

तर असं. सगळं खरं, अगदी कळ्यांसकट.

फक्त एक. लहानसंच आहे. ते "घरी चला" थोरली काही म्हणाली नाही. दारात थांबली, ते खरं. पाठमोरी, ते खरं. बराच वेळ थांबली. मग स्टूल घेऊन रस्ता ओलांडून निघून गेली. मी मागून उशी घेऊन गेले, कुणीच बोलावलं नव्हतं. तिने दार उघडलं, उशी माझ्या हातातून घेतली, झटकली, आणि जागेवर ठेवली. पण मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की आता थोरलीच बायकांना सांगते, "मीच म्हटलं त्यांना, घरी चला." सांगू दे. शिवताना, टाचण्या काढून सांगते.